हाताला वाट

पुंडलिक सरांसमोर कुणी गाठ मारायला घेतली की मला धडकी भरायची. बुटाची नाडी असो, प्रसादाची पुडी असो, नाहीतर स्कूटरच्या मागं बांधलेली तांदळाची पिशवी असो, सर थोडा वेळ बघत राहायचे, ओठ आवळायचे आणि मग पुढं होऊन म्हणायचे, "सोड ती. हय दी," म्हणजे इकडे दे. त्यासाठी ओळखदेख असायची गरज नव्हती. डिचोलीच्या बाजारात एका भाजीवालीची अळसांद्याच्या शेंगांची जुडी त्यांनी सोडून पुन्हा बांधून दिली होती, आणि घ्यायची नाही तर हात कशाला लावला म्हणून ती बाई त्यांच्या अंगावर धावून गेली होती. सरांना त्याचं काही वाटलं नाही. जुडी आता नीट बांधलेली आहे, एवढंच त्यांना दिसत होतं.

आम्ही दोघं एकाच हायस्कुलात. ते इतिहास शिकवायचे, मी मराठी. राहायलाही नार्व्याला एकाच वाड्यावर, मधे एक विहीर आणि माडांची रांग. मूळचे ते पेडण्याकडचे, केरीचे. त्यांचा आजा मचवा चालवायचा. नोकरीपायी इकडे आले, इथंच घर बांधलं, पण बोली पेडण्याचीच ठेवली. मला त्यांनी जन्मात नावानं हाक मारली नाही. शाळेत टीचर, विहिरीवर टीचर, माझ्या मुलीच्या लग्नात पंक्तीत वाढतानासुद्धा "टीचर, भात घेवा". पोरं त्यांना मागून 'गाठी सर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि, माझा संशय आहे, आवडतही होतं.

शाळेतला झेंडा बांधायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. एका सव्वीस जानेवारीला सर तापानं फणफणले होते, म्हणून पी.टी.च्या मास्तरांनी झेंडा बांधला. पाहुण्यांनी दोरी ओढली. झेंडा ढिम्म. पुन्हा ओढली. पाहुणे तालेवार होते, त्यांनी सगळा जोर लावला, खांब वाकायला लागला. बँडच्या पोरांनी सलामीची धून एकदा वाजवली, दुसऱ्यांदा वाजवली, तिसऱ्यांदा वाजवू की नको म्हणून हेडमास्तरांकडे बघत राहिली. शेवटी कमरेला सुरी खोचून प्यूनला खांबावर चढवावं लागलं. आणि मी बघते तर फाटकाशी सर उभे. कानाला मफलर, डोळे तापानं लाल. सरळ अंथरुणातून उठून आले होते.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी पी.टी.च्या मास्तरांना समोर बसवलं आणि माझ्या साडीच्या पदराला सुटलेला एक दोरा मागून घेऊन धडा दिला. "बांधूक सगळ्यांका येता. वाऱ्यार सुटाची नाय, आणि सोडूची वेळ इली की एका ओढीत सुटाक होयी. तेका गाठ म्हणतत. बाकीची ती निरगाठ." मीही शिकायचा प्रयत्न केला. माझी गाठ एक तर वाऱ्यानं सुटायची, नाहीतर सुटायचीच नाही. सर म्हणाले, "तुमी व्याकरणच शिकवा."

हा माणूस लाकडाचं छोटं तारू बांधायला का बसला, तर इतिहासाच्या पुस्तकातल्या एका चित्राच्या रागानं. मराठ्यांच्या आरमाराचा धडा होता, त्यात गुराबेचं चित्र. गुराब म्हणजे डोलकाठ्यांची, पुढं टोकदार नाळ काढलेली लढाऊ बोट. चित्रकारानं शिडं फुगवून झोकात काढली होती, पण दोर नुसते रेघा मारल्यासारखे, हवेत सुरू होऊन हवेत संपणारे. सर ते पान उघडून वर्गाला विचारायचे, "आता वादळ इलां. ह्यो खलाशी शीड उतरयतलो कसो? सांगा." पोरं बोटानं दोर शोधायची. "बुडालां तारू," सर म्हणायचे आणि पान उलटायचे. वर्षानुवर्षं त्यांनी ते तारू असं बुडवलं. निवृत्त झाल्यावर मात्र ठरवलं की एकदा ते नीट बांधायचं, फुटाला पाव इंच या मापानं, आणि त्यातला प्रत्येक दोर काहीतरी काम करणारा असेल.

बूड फणसाच्या लाकडाचं केलं, डोलकाठ्या उंडीच्या. इतकुशा कप्प्या नारळाच्या करवंटीतून कापल्या आणि तापवलेल्या सुईनं त्यांना भोकं पाडली. पुढच्या खोलीत जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात, मेज मांडलं आणि ती खोली गेली ती गेलीच. वैनी, म्हणजे सरांची बायको, येणाऱ्याजाणाऱ्याला बाहेर सोप्यावर बसवायच्या आणि म्हणायच्या, "भितर येव नकात, भितर अरबी समुद्र आसा."

दोऱ्यांवरून तर त्यांनी मला छळलं. मी पणजीला जाणार कळलं की चिठ्ठी नाही, तोंडी निरोप: अमुक जाडीचा, सुती, पिळाचा. एकदा मी चांगला तुकतुकीत दोरा आणला. सरांनी तो जनेलाशी धरून बघितला. "ह्यो झगझगता, टीचर. तारवार कोणाचां लगीन आसा काय?" मी पुन्हा आणायची नाही म्हणून रागानं घरी आले, आणि पुढच्या खेपेला गुमान बदलून आणला. त्यांच्यापुढं राग टिकत नसे, हा माझा दोष म्हणा.

आणलेल्या दोऱ्याचे ते दोन भाग करायचे. एक भाग ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून काळा करायचा, पूर्वी जाळी रंगवायचे तसा. दुसरा तसाच पांढरा ठेवून मेणातून ओढायचा. मी विचारलं, हे कशाला? तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. काळे दोर डोलकाठी धरून ठेवतात. ते एकदा बांधले की बांधले, जन्मभर हलत नाहीत, म्हणून त्यांना डांबर फासायचं. पांढरे दोर शिडं चढवतात, उतरवतात, फिरवतात. ते मोकळेच असावे लागतात, अडकले की तारू गेलं. "दोनूय होये," सर म्हणाले. "पण काळ्याक पांढऱ्याचां काम सांगूचां न्हय, आणि पांढऱ्याक काळ्याचां."

आणखी एक नियम होता, तो मी ऐकून ऐकून पाठ केला होता. दोर आतून बाहेर बांधत यायचे. आधी डोलकाठीच्या अंगालगतचे, मग त्याच्या बाहेरचे, मग कडेचे. कारण बाहेरचं जाळं एकदा भरलं की आत हात जात नाही. आतला एखादा दोर विसरला तर बाहेरचं सगळं कापून काढावं लागतं.

सरांचा एकुलता एक मुलगा निशांत. माझा विद्यार्थी, ऱ्हस्वदीर्घाचा शत्रू, पण गोड पोर. डावखुरा होता. मालवाहू जहाजावर लागला, आमच्याकडच्या भाषेत त्याला तारवटी म्हणतात. रजेवर आला की बाप-लेक मेजाशी. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना काळ्या दोरांच्या शिड्या असतात, खलाशांना वर चढायला. त्यांच्या प्रत्येक पायरीला बारीक गाठ. डावीकडची शिडी निशांतनं बांधली. डाव्या हातानं मारलेल्या त्या गाठी सरांच्या गाठींपेक्षा उलट्या कलायच्या. सरांना ते खपेना.

"एका तारवार दोन तऱ्हेच्यो गाठी? बघणारो काय म्हणतलो?"

"म्हणतलो, दोन खलाशी होते," निशांत म्हणाला.

सरांनी त्या गाठी राहू दिल्या. ज्या माणसानं अनोळखी भाजीवालीची जुडी सोडली होती, त्यानं त्या उलट्या गाठी तशाच ठेवल्या, हे मी डोळ्यांनी बघितलं.

त्याच रजेत निशांतचं लग्न झालं. मुलगी फोंड्याची, मनाली. डिचोलीत एका औषधाच्या दुकानात कामाला जायची, बोलायला मोकळी, आणि वैनींना तिनं आठवड्यात जिंकलं. निशांत परत निघाला तेव्हा मधल्या डोलकाठीमागचा एक पांढरा दोर राहिला होता. मोठ्या शिडाची आडवी काठी असते, परबाण, ती वर चढवायचा दोर. अगदी आत, दोन कप्प्यांतून ओवायचा. सरांची बोटं जाड, तिथं पोचेनात. निशांत म्हणाला, "तो माका ठेवा, पप्पा. फुडल्या रजेक बांधतंय. तवसर टाचणी मारून ठेवा." सरांनी परबाण टाचणीवर टेकवलं आणि तो दोर ठेवून दिला.

पुढली रजा आली नाही. जहाज कुठल्याशा समुद्रात होतं. पाळी बदलायच्या वेळी निशांत जागेवर नव्हता. जहाज शोधलं, पाणी शोधलं, सापडला नाही. फोनवर एजंट हे सगळं इंग्रजीत सांगत होता. वैनी खाली बसल्या होत्या, मनाली भिंतीला धरून उभी होती, आणि सर फोन कानाला लावून इंग्रजीतच एकच विचारत होते: "वारा कुठल्या बाजूचा होता? तो वाऱ्याच्या बाजूला होता की दुसऱ्या?" त्या बिचाऱ्याला हे कसं ठाऊक असणार? तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. सरांनी फोन माझ्या हातात दिला आणि मेजाशी जाऊन बसले.

मेलेल्या माणसाचं रडता येतं. दहा दिवस, बारा दिवस, माणसं येतात, गोडं करतात, सुतक फिटतं. निशांतचं काहीच करता येईना. त्याचं अंग मिळालं नाही, त्यामुळे तो गेला असं कुणी म्हणेना, आणि आहे असंही कुणाला म्हणवेना. मनालीच्या गळ्यात मंगळसूत्र होतं ते राहिलं. कुंकू ती कधी लावायची, कधी नाही, आणि दोन्ही वेळा वाड्यावरच्या बायका तिच्या कपाळाकडे बघायच्या. मला त्या बायकांचा संताप येई. पण त्यांच्यात मीही होते, मीही बघायचे.

चवथ आली. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी टांगतात, लाकडी चौकट, तिला रानातली फळं, सुपारीचे घोस, कांगलां, काय मिळेल ते बांधायचं, आणि तेही केवणीच्या सालीच्या दोरानं. वाड्यावरच्या निम्म्या घरांत हे बांधायला सरच जायचे. कुणी सुतळी काढली की म्हणायचे, "देवाक पार्सल धाडतंस?" त्या वर्षी त्यांना कुणी बोलावलं नाही. घरात सुतक आहे की नाही, हेच कुणाला ठरवता येईना, आणि सुतकातल्या माणसाचा हात माटोळीला कसा चालेल?

मी बोलावलं. माझी सासू तेव्हा होती. ती आतल्या खोलीतून म्हणाली, "तांकां सुतक आसा काय ना तें पयलीं ठरूं दी." मी तिच्या खोलीचं दार लावून घेतलं. सर आले, पाटावर चढले, साली भिजवून एक एक घोस बांधला. उतरल्यावर हात धुताना म्हणाले,

"टीचर, तुमची सासू काय म्हणाली?"

"काही नाही."

"खोटां बोलू नकात. भायल्यान आयकलंय मी." टॉवेलनं त्यांनी एक एक बोट पुसलं. "तेंचां चुकला नाय. माकाच ठावक नाय, मी सुतकात आसंय काय ता."

तारवाचं काम मात्र चालू होतं. उलट जास्तच. सकाळपासून सर मेजाशी असायचे. आतले दोर झाले, मधले झाले, कडेचे व्हायला आले, आणि एके दिवशी मी गेले तर कडेचे सगळे दोर कापून टाकलेले. मेजावर दोऱ्यांचे तुकडे पडलेले. मला वाटलं काही चुकलं असेल. काही महिन्यांनी ते पुन्हा भरत आले, आणि पुन्हा कापले. पावसात दोर ओढतात, म्हणाले. मग पाऊस गेला, आणि तरीही कापले. तेव्हा मी न राहवून विचारलं, "सर, आता काय झालं?"

त्यांनी मला बोटानं दाखवलं. मधल्या डोलकाठीमागं ते परबाण अजून टाचणीवर होतं. कडेचे दोर भरले की तिथं जायची फट बंद होत होती.

"हाताक वाट रवाक होयी," ते म्हणाले. "तेच्या हाताक."

मी घरी आले आणि भाताला पाणी घालायचं विसरले.

निशांत गेल्याला... गेल्याला म्हणायची मला आता सवय झाली आहे, तेव्हा कुणी तोंडातून काढत नव्हतं. तर त्यानंतर तीन चवथी झाल्या आणि मनालीचा भाऊ फोंड्याहून आला. बरोबर त्यांचे भटजी. शास्त्रात सोय आहे, भटजी म्हणाले. ज्याचं अंग मिळत नाही त्याचा दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा देह करायचा, नारळाचं डोकं, आणि त्याला अग्नी द्यायचा. मग तेरावं, मग सगळे मोकळे. भावानं खालच्या मानेनं दुसरी गोष्टही सांगितली. म्हार्दोळचा एक मुलगा मनालीला मागणी घालून थांबला होता. कायद्याचं काय ते होईल, पण हा विधी झाल्याशिवाय आमची आई लग्नाला उभी राहणार नाही, म्हणाला.

सर ऐकत होते. वैनी मुसमुसत होत्या. मनाली चहाचे कप घेऊन दारात थबकली होती.

"करूया," सर म्हणाले. "तारू पुरां जाऊंदी. मगे करूया."

भावाला बरं वाटलं. तारवाकडे बघून म्हणाला, आता थोडंच राहिलंय. त्याला काय कळणार? मला कळलं, वैनींना कळलं. आणि मनालीला सगळ्यांत आधी कळलं, कारण दुकानातून आल्यावर मेजाखालचे ते कापलेले दोरे केरसुणीनं रोज तीच गोळा करत होती.

सर वाईट नव्हते. मनालीला ते लेक मानत. दुकानातून यायला उशीर झाला तर बसस्टॉपवर जाऊन उभे राहत. तिला आवडतात म्हणून पाववाल्या पदेराकडून कांकणां, ते बांगडीसारखे कडक पाव, घेऊन ठेवत, सायकलचा हॉर्न वाजला की चपला न घालता धावत. आणि हाच माणूस तिला तिथं अडकवून बसला होता. माझं त्यांच्याशी त्यावरून वाजलं. मी म्हटलं, "सर, पोरगी पंचविशीची आहे, तिनं काय तुमचे दोरे झाडत बसायचं?" ते म्हणाले, "तुमी आपल्या घराकडे बघा." असं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. महिनाभर मी विहिरीवर गेले की तोंड फिरवायचे. मनाली मात्र माझ्याकडे येत राहिली. एकदा आमच्या पायरीवर बसून म्हणाली, "टीचर, पयलीं हांव तांची वाट पळयताली. आतां कोणाची पळयतां तेंच कळना."

ती दुपार मला नीट आठवते. अबोला मोडायला म्हणून मी तवसाळी, तवशाचा म्हणजे मोठ्या काकडीचा गोड केक, घेऊन गेले होते. सरांनी ताटली घेतली, तवसं कुठलं म्हणून विचारलं, म्हणजे अबोला मोडला होता. कडेचे दोर पुन्हा भरत आले होते. मेजावर ब्लेड तयार होतं. मनालीला त्या दिवशी अर्धी सुटी होती. ती आली, पाय धुतले, आणि रोजच्यासारखी आत न जाता स्टूल ओढून सरांच्या शेजारी बसली.

"पप्पा, तो आंतलो दोर हांव बांधूं? म्हजीं बोटां बारीक आसात."

"तो तुजो न्हय गो," सर म्हणाले. रागानं नाही. खरंच समजावून सांगावं तसं.

"मग म्हजो खंयचो?"

सरांनी वर बघितलं.

"तुमीच म्हणटात, तारवार कामाबगर दोर नासता," मनाली म्हणाली. आवाज अगदी साधा होता, दुकानात गिऱ्हाइकाला गोळी कधी घ्यायची ते सांगावं तसा. "हांव खंयचो दोर, पप्पा? काळो काय पांढरो? काळो म्हणाल तर हांव हांगाच रावतां. जल्मभर रावतां, कोणाक कांय सांगची ना. पांढरो म्हणाल तर सोडा म्हाका. पूण कितेंय एक सांगात. हें मदलें म्हाका जायना."

वैनी आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सरांच्या हातात मेण लावलेला दोरा होता, त्याचं टोक ते अंगठ्यावर गुंडाळत होते, सोडत होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि उठताही येईना. रस्त्यानं एक मोटरसायकल गेली, ती पार देवळाच्या वळणाला पोचेपर्यंत ऐकू येत होती.

"च्या घेतलंस गो?" सर म्हणाले.

"ना."

"जा, घे. टीचरांकय दी."

ती उठून आत गेली. सरांनी ब्लेड उचललं. त्यांनी ते कागदात गुंडाळलं आणि खणात टाकलं.

त्यानंतर त्यांनी दोर कापले नाहीत. कडेचं जाळं भरत भरत आलं आणि एका संध्याकाळी डोलकाठीमागची ती फट दिसेनाशी झाली. मी विचारलं, "आतला?"

"नाय घालूक."

"मग ते शीड चढणार कसं?"

"चढाचां नाय," ते म्हणाले. "ह्यां तारू आता चलाचां नाय, टीचर. बघूक बरां." पुस्तकातलं चित्र ज्यांनी जन्मभर बुडवलं, त्यांनी हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते फोंड्याला भटजींकडे गेले, कुणाला बरोबर न घेता.

आता सर नाहीत. विधीनंतर दोन वर्षांनी, साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. वैनी केरीला पुतण्याकडे असतात. मनालीचं त्या म्हार्दोळच्या मुलाशी झालं, बरं झालं, फोंड्याला घर आहे, आणि तारू तिच्याकडे आहे, काचेच्या पेटीत. वैनींनीच ते हट्टानं तिला दिलं. तिचा नवरा शनिवारी पेटी पुसतो. येणारा पाहुणा दोर बघून थक्क होतो, आणि ती टाचणी अजून तरी कुणाला दिसलेली नाही. मी गेले की मला दिसते.

पण सर म्हटलं की मला ते मेजाशी बसलेले दिसत नाहीत. विधीच्या दिवशी सकाळी अंगणात उभे दिसतात, अंगावर ओला पंचा. भटजींनी आणि त्यांच्या माणसानं दर्भाच्या काड्या रचल्या होत्या, त्यावर पळसाची पानं, हात, पाय, आणि वरती नारळ. एवढंसं झालं होतं. निशांत चांगला उंच पोरगा होता. वैनी आत होत्या, त्यांना दोघींनी धरलं होतं. मनाली उंबऱ्यात, माझा हात तिच्या पाठीवर. भटजी त्या पानांना सुताचे वेढे देत होते. वाटेत सुटू नये म्हणून त्यांनी शेवटी जोरानं ताणून एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी.

सरांनी ओठ आवळले. तो चेहरा मी बाजारात, शाळेत, चवथीच्या दिवसांत शेकडो वेळा बघितला होता, आणि आज तरी नको, असं मी मनात म्हणत होते.

"सोडा ती, भटजी," सर म्हणाले.

"सर, घट बांधूंक जाय. वाटेर सुटली जाल्यार बरें दिसना."

"वाटेर सुटाची नाय. पण थंय गेल्यार सुटाक होयी. हय दिया."

भटजी मागं सरले. सर खाली बसले. नखानं त्यांनी त्या तिन्ही गाठी उकलल्या, सूत पूर्ण सोडवलं, विस्कटलेली पानं तळहातानं सारखी केली आणि पुन्हा बांधत आले, आतून बाहेर, एक वेढा दुसऱ्यावर न चढवता. कुणी घाई केली नाही. शेवटाला त्यांनी सुताचा फास केला, त्यातून दुसरा फास ओढला आणि टोक लांब मोकळं सोडलं. ती झेंड्याची गाठ होती. मला मारायला कधी आली नाही, पण बघितली की ओळखते.

माणसं उठली. सरांनी उजव्या हातात विस्तवाचं मडकं घेतलं आणि पुढं चालू लागले. आमच्याकडे बायका नदीवर जात नाहीत, त्यामुळे मला दिसले ते माडांच्या रांगेपर्यंत, ओला पंचा पाठीला चिकटलेला, मागं वळून न बघता जाणारे. पुढचं मला आमच्या ह्यांनी आल्यावर, न्हाऊन झाल्यावर सांगितलं. अग्नी द्यायच्या आधी बांधलेलं सोडायचं असतं. भटजी वाकले, तर सरांनी त्यांना थांबवलं. उजव्या हातात मडकं होतं, म्हणून डाव्या हातानं त्यांनी ते टोक धरलं आणि ओढलं. एका ओढीत सुटली, हे म्हणाले, कुठं म्हणून अडकली नाही.